गुराब, गलबत आणि सीकनी: आरमारी कागदपत्रांतील जुन्या इंग्रजी शब्दांचे मूळ काय?

गिर्येकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयासाठी विजयदुर्गाच्या आरमारावर एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली आहे. त्यासाठी अठराव्या शतकातील कंपनी सरकारच्या पत्रव्यवहाराचे छापील उतारे वाचताना ग्रॅब, गॅलिव्हॅट, पॅटमार, सेरंग, टिंडल, सीकनी असे शब्द पानोपानी भेटतात. घरातल्या शालेय इंग्रजी कोशात त्यांपैकी फक्त ‘ग्रॅब’ सापडला, तोही ‘हिसकावून घेणे’ या अर्थाने. गावातील एका जाणत्या गृहस्थांचे म्हणणे असे की, आंग्र्यांच्या गुराबा (इंग्रजी कागदांत ‘ग्रॅब’ म्हटलेली जहाजे) इंग्रजांची जहाजे बळकावीत असत, म्हणून हे क्रियापद इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलले. ऐकायला गोड वाटते, पण छापावे का? आणि सीकनी म्हणजे नेमका कोण? ‘सी’ म्हणजे समुद्र एवढेच कळते, पुढचे काही उलगडत नाही.

जुनी बखर यांचे उत्तर

गुराबेची कथा कृपया छापू नये. ‘हिसकावणे’ या अर्थाचे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीसच रूढ झाले होते, म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या जन्माच्याही बरेच आधी, आणि ते आले डच व उत्तर जर्मन बोलींतून. गंमत अशी की, व्युत्पत्तीकार त्याचे नाते आणखी मागे नेऊन वैदिक ‘गृभ्णाति’शी, पर्यायाने आपल्या ‘ग्रहण’ शब्दाशी जोडतात. तेव्हा आपल्याशी दूरचे भाऊबंदकीचे नाते आहे, परंतु ते गुराबेमुळे नाही.

जहाजाचे नाव असलेला ‘ग्रॅब’ हा पूर्णपणे वेगळा शब्द आहे. अरबीत ‘गुराब’ म्हणजे डोमकावळा, आणि तेच नाव तिकडे जहाजाच्या एका प्रकाराला मिळाले. आपण मराठीत ते जवळजवळ जसेच्या तसे ठेवले आणि इंग्रजांनी त्याचा पहिला स्वर गिळून टाकला. कंपनीच्या काळातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबेचे वर्णन केले आहे, ते आपल्या पुस्तिकेत अवश्य घ्यावे: बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन, तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंत, आणि बांधणी अशी की पाणी अगदी थोडे लागावे. वाघोटनच्या खाडीत आत शिरणाऱ्या जहाजाला हा शेवटचा गुण किती मोलाचा, हे गिर्ये गावच्या माणसाला मी काय सांगावे. गलबते त्याहून लहान, साधारण ७० टनांच्या आतली आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची असत. वारा पडला की तीच गुराबेला ओढून नेत.

‘गॅलिव्हॅट’बाबत जपून लिहावे. ‘गलबत’ शब्दाशी त्याचे साम्य उघड आहे, पण हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याचा संबंध पोर्तुगीजांच्या व युरोपातील इतरांच्या ‘गॅलिऑट’ या वल्ह्यांच्या नौकेशी लावला आहे, आणि या नावाशी जुळणारी रूपे सोळाव्या शतकातील इंग्रजी नोंदींतही आढळतात. म्हणून ‘इंग्रजांनी गलबत हा मराठी शब्द घेतला’ असे ठाम विधान करण्यापेक्षा दोन्ही शब्द शेजारी ठेवावेत. माझ्या मते या सगळ्या यादीचे मर्म तेच आहे. हे शब्द आपण इंग्रजांना दिले असे समजण्याचा मोह होतो, पण त्यांतले बहुतेक अरबी-फारसी दर्यावर्दींकडून आपणही घेतले आणि इंग्रजांनीही घेतले.

सीकनी हे त्याचे उत्तम उदाहरण. अरबीत ‘सुक्कान’ म्हणजे सुकाणू, फारसीत ‘सुक्कानी’ म्हणजे ते धरणारा. इंग्रज खलाशांच्या कानाला पहिले अक्षर ‘सी’, म्हणजे समुद्र, असे वाटले आणि त्यांनी शब्दाला आपल्या भाषेचा पोशाख चढवला. सीकनी हा सुकाणू धरणारा खलाशी.

पॅटमार शब्द आला की मात्र आजूबाजूचे वाक्य नीट वाचावे. आपली पतेमारी ती हीच, परंतु जुन्या पत्रांत पॅटमार म्हणजे पायी निरोप नेणारा जासूदही असतो. ‘गोव्याहून पॅटमार आला’ या वाक्यात शिडाचे जहाज असेलच असे नाही.

मिऱ्याबंदर यांचे उत्तर

वरील प्रतिसादाला थोडी पुरवणी. टिंडल म्हणजे आपला तांडेल. कंपनीच्या जहाजांवर तो खलाशांच्या टोळीचा खालच्या दर्जाचा मुकादम आणि सेरंग त्याच्या वरचा. सेरंगाचे मूळ फारसी ‘सरहंग’, म्हणजे नायक. आमच्याकडे मात्र तांडेलाचा मान आजही मोठा आहे. जाळे कुठे मारायचे आणि होडी कधी फिरवायची हे तांडेल सांगतो, आणि त्याच्यापुढे इतर कोणाचे चालत नाही. पुस्तिकेत ‘तांडेल म्हणजे किरकोळ अधिकारी’ असे सरसकट लिहिल्यास कोळीवाड्यातून निषेध येईल, एवढे ध्यानात असू द्यावे. नाखवाही याच वाटेने आला आहे: फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी, जो इंग्रजी कागदांत ‘नकोडा’ होतो.

एक उपप्रश्न. इंग्रजीत बोंबलाला ‘बॉम्बे डक’ म्हणतात ते डाकगाडीमुळे, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य किती?

जुनी बखर यांचे उत्तर

तथ्य नाही. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि ‘बॉम्बे डक’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच इंग्रजीत छापलेले आढळते. डाकगाडीतून येणाऱ्या सुक्या माशांच्या वासाची कथा मागाहून रचलेली आहे. या माशाचे दुसरे जुने इंग्रजी नाव ‘बमलो’ हे मात्र कोशकार मराठी ‘बोंबील’वरून आलेले मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर उन्हात टांगलेले ज्या किनाऱ्यावर दिसतात, तिथलेच नाव परक्या व्यापाऱ्याच्या तोंडी बसणार. देणेच मोजायचे असेल तर या यादीत मी बोंबलाला पहिला मान देईन, गुराबेला नव्हे.

गिर्येकर

आपणां दोघांचे आभार. गुराबेची कथा गाळतो, तांडेलाचे वर्णन कोळीवाड्यात वाचून दाखवूनच छापतो. शेवटचे एकच विचारतो: किल्ल्यावरील पाण्याच्या टाक्यांना इंग्रज सर्वत्र ‘टँक’ म्हणतात. तो शब्द तरी त्यांचा स्वतःचा आहे ना?

जुनी बखर यांचे उत्तर

तो प्रथम इकडच्याच पाण्यासाठी वापरला गेला. कोशांत त्याचे मूळ गुजराती ‘टांकूं’ व मराठी ‘टाके’ यांकडे दाखवतात. पोर्तुगीज ‘तांके’ या शब्दाचा हातभारही त्याला लागला असावा. सप्टेंबर १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत उतरलेल्या चिलखती गाड्या गुप्तपणे तयार होत असताना, त्या पाण्याच्या टाक्या आहेत असे भासवण्यासाठी त्यांना हेच नाव दिले होते. विजयदुर्गाच्या प्रकरणात मात्र ‘टँक’ आला की बिनधास्त ‘टाके’ लिहावे, आणि ‘घेरिया’ आला की विजयदुर्ग. १७५६ च्या लढाईचे सर्व इंग्रजी वृत्तांत किल्ल्याला त्याच नावाने ओळखतात, आणि ते नाव आपल्याच गिर्ये गावावरून पडलेले आहे.