कारुसोची पहिली तबकडी : १९०० की १९०२?

जुनी तबकडी : इटालियन ऑपेरा-गायक एन्रिको कारुसोचे पहिले ध्वनिमुद्रण म्हणजे १९०० साली मिलानमध्ये मेणाच्या सिलिंडरवर गायलेली गाणी होत, आणि हॉटेलातील दहा गाण्यांची कथा इंग्रज कंपनीने जाहिरातीसाठी रचली, असे ‘तारसप्तक’ यांनी काल ठामपणे लिहिले आहे. इतके बेजबाबदार विधान वाचून गप्प बसणे मला जमत नाही. संगीतकार फ्रांचेत्ती यांच्या ‘जर्मानिया’ या ऑपेराचा पहिला प्रयोग मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात ११ मार्च १९०२ रोजी झाला, त्यात कारुसो होता आणि त्या इंग्रज कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेस्बर्ग याने त्याला तेथेच हेरले. पुढे ११ एप्रिलला मिलानच्या ग्रँड हॉटेलच्या खोलीत, साल्वातोरे कोत्तोनेच्या पियानोच्या साथीने, १०० पौंड बिदागीवर कारुसोने दहा गाणी दिली. त्या दहांत ‘जर्मानिया’चीच दोन आहेत. महिन्याभरापूर्वी रंगभूमीवर आलेल्या ऑपेराची गाणी १९०० च्या मुद्रणात असूच शकत नाहीत, म्हणून निदान या दहांच्या काळाबद्दल शंकेला जागा उरत नाही. शिवाय १४ मे रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात तो प्रथमच गाणार होता, त्यामुळे तबकड्या वेळेत बाजारात आणण्याची घाई कंपनीला होती. ही संगती सोडून सिलिंडरच्या सांगोवांगीवर विश्वास का ठेवावा?

तारसप्तक : आपण ज्याला संगती म्हणता, तिचा मोठा भाग गेस्बर्गच्या आठवणींवर उभा आहे, आणि त्या आठवणी १९४२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर ४० वर्षांनी प्रसिद्ध झाल्या. बिदागी अवाच्या सवा असल्याने मुद्रण करू नये अशी लंडनची तार आली आणि आपण ती धुडकावली, हे तो स्वतःच सांगतो. स्वतःच्या पराक्रमाची साक्ष स्वतःच देणाऱ्याचे आपण किती मानायचे? तबकड्यांच्या जुन्या सूच्यांमध्ये हीच बैठक १८ मार्चची म्हणून छापली जात असे, नंतर ती ११ एप्रिल झाली. ज्यांची तारीखच सरकते, त्यांनी इतरांना बेजबाबदार म्हणू नये. सिलिंडरवरचा आवाज मी कानांनी ऐकला आहे. तो कोवळा आहे, पातळ आहे, १९०२ च्या गळ्यापेक्षा स्पष्टपणे तरुण आहे.

कोल्हापुरी षड्ज : आवाज तरुण की जून हे ठरवण्याआधी यंत्राचा वेग ठरवावा लागतो, एवढीही काळजी येथे कोणी घेत नाही, याचा मला मनस्वी राग येतो. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या सुराने चढते, स्वर पातळ होतो आणि तिशीतला माणूस विशीतला वाटू लागतो. १९०२ च्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांसाठी कापलेल्याच नव्हत्या, त्या बऱ्याच सावकाश फिरवाव्या लागतात. तरीही नव्या आवृत्त्या काढणारे डोळे मिटून ७८ चाच काटा लावतात. माझ्या वडिलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या जिवापाड जपल्या होत्या. त्यांची फीत करून घेण्यासाठी आम्ही त्या एका दुकानात दिल्या, तेव्हा यंत्र इतके वेगात चालवले गेले की खाँसाहेबांचा षड्ज ओळखू येईना. वडिलांनी ती फीत पुन्हा कधी लावली नाही. तेव्हापासून वेगाचा खुलासा केल्याशिवाय कोणी आवाजाच्या वयावर बोलले, तर मी ते ऐकून घेत नाही.

पियानो-साथ : वेगाचे आपले गणित बरोबर आहे, परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष आपण समजता तितका पक्का नाही. पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेरातले ‘ए लुचेव्हान ले स्तेल्ले’ स्वरलिपीत ज्या पट्टीत आहे, त्या पट्टीत येईपर्यंत यंत्र मंद करावे, हे ठीक. पण गायकाने मुळातच पट्टी उतरवून गायले असेल तर? त्याच्याच ‘ला बोहेम’मधले पहिल्या अंकातले गाणे कारुसो पुच्चिनीच्या संमतीने अर्धा सूर उतरवून गात असे. त्यातच हॉटेलातला पियानो कोणत्या सुराला लावला होता, हाही प्रश्न आहेच.

कोल्हापुरी षड्ज : म्हणूनच एका गाण्यावरून वेग ठरवू नये. एकाच बैठकीतली दहाही गाणी शेजारी ठेवून, यंत्राच्या ज्या वेगाला त्यांतली बहुतेक आपापल्या पट्टीत येतात तो वेग धरावा. दहाही गाणी त्याने सारखीच उतरवली असतील, असे आपण म्हणणार आहात काय?

पियानो-साथ : तसे म्हणणार नाही. दहा गाण्यांची कसोटी मला मान्य करावी लागते. पण एकट्या-दुकट्या सिलिंडरला ती लागू होत नाही, हेही आपण मान्य करावे.

मराठी रसिक : ‘पहिले कोण’ हा वाद आपल्याला नवा नाही. हाच गेस्बर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला आला. गायिका गौहर जानचे मुद्रण ११ नोव्हेंबरचे. तिच्या आधी तीन दिवस शशिमुखी आणि फणीबाला या नाटकातल्या मुली गाऊन गेल्या होत्या, तरी ‘पहिली’ म्हणून गौहरचेच नाव घेतले जाते. आपले भाऊराव कोल्हटकर तर १९०१ मध्येच गेले. त्यांचा आवाज कोणत्याही मेणावर उरला नाही, ही हळहळ मला कारुसोच्या तारखेहून मोठी वाटते.

तारसप्तक : भाऊरावांबद्दलची हळहळ माझीही आहे. सिलिंडरवरच्या आवाजाच्या वयाचा मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवतो, कारण मी ऐकलेल्या प्रतीचा वेग मला ठाऊक नाही. परंतु झोनोफोन कंपनीने काढलेल्या कारुसोच्या सात तबकड्यांचे काय? त्याही बराच काळ हॉटेलाच्या आधीच्या म्हणून सांगितल्या जात.

जुनी तबकडी : सांगितल्या जात, हे खरे, मात्र आज अभ्यासक त्या तबकड्या आणि ते सिलिंडर ही दोन्ही १९०३ ची धरतात. तारीख १८ मार्चवरून ११ एप्रिलवर सरकली, यालाच आपण कमकुवतपणा समजता. मला तर त्यात आठवणींवर विसंबून न राहता कागद तपासल्याची खूण दिसते. तारेची गोष्ट गेस्बर्गने रंगवून सांगितली असेल, तर ती खुशाल वगळावी. तिच्याविनाही ‘जर्मानिया’ची दोन गाणी उरतात, आणि १९०० च्या बाजूने असा एकही पुरावा आपण अजून पुढे ठेवलेला नाही.