मदत हवी आहे: परदेशातून आलेल्या पाहुण्यांना जुलाब झाले तर अँटिबायोटिक कधी द्यावं?

धाकटी बहीण, तिचा नवरा आणि नऊ वर्षांचा भाचा डिसेंबरात जर्मनीहून कोथरूडला आमच्याकडे येतायत. आधी घरातलं लग्न, मग कोकण. दर खेपेला पहिल्या आठवड्यात कुणाचं तरी पोट बिघडतंच (खापर मिसळीवर फुटतं). या वेळी तिथल्या डॉक्टरांनी दोघा मोठ्यांना ॲझिथ्रोमायसिन दिलंय, ‘गरज पडली तर घ्या’ म्हणून. गरज म्हणजे नेमकी किती? पहिल्याच जुलाबाला सुरू करायचं का? आमच्याकडे तर लगेच मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची स्ट्रिप येते, ती नाही का चालणार? आणि घाटात गाडी थांबवायला जागा नसते, तेव्हा लोपेरामाइड (जुलाब तात्पुरते थांबवणारी गोळी) दिलं तर? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) रुग्ण निघाले, तेव्हापासून आईने धसकाच घेतलाय.

प्रतिसाद १
फिजिशियन आहे, म्हणून लिहितो. ताप नाही, रक्त नाही, माणूस हिंडतोफिरतोय, तर अँटिबायोटिक नको. बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप थांबतं. उगाच गोळी घेतली तर औषधाला दाद न देणारे जंतू आतड्यात मुक्काम ठोकतात. ताप, शौचातून रक्त किंवा अंथरूण सोडवेना इतके जुलाब असतील तर ॲझिथ्रोमायसिन: मोठ्यांना १ ग्रॅम एकदाच, नाहीतर ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रक्त पडत असेल तर गोळी घेऊन घरी बसू नका, दाखवा.

नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) ही अँटिबायोटिक्स एकाच कुळातली. आपल्या भागातल्या कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूवर ती बहुधा चालत नाहीत. जीबीएसच्या काही रुग्णांत हाच जंतू सापडला होता, पण त्याचा संसर्ग झालेल्यांपैकी फार थोड्यांनाच जीबीएस होतो. त्या धास्तीने गोळी घेऊ नका. लोपेरामाइड मोठ्यांना घाटापुरतं चालेल, ताप किंवा रक्त असेल तर अजिबात नाही. भाच्याला ते देऊ नका. त्याचं अँटिबायोटिक वजनावर ठरतं, ते बालरोगतज्ज्ञांवर सोडा.

प्रतिसाद २
ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात अंदाजाने नाही. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मुलाला चमच्याचमच्याने पाजा. लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर कोकणातून पुण्याला पोचायची वाट बघू नका, जवळचा दवाखाना गाठा.

धागाकर्ती
धन्यवाद! मेव्हण्यांना ठोक्यांसाठी एक गोळी चालू आहे, आत्ताच बहिणीला फोन लावते.