मदत हवी आहे: जुन्या पेट्रोल कारसाठी सिंथेटिक ऑइल घ्यावे की साधे?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझ्या जुन्या, पण व्यवस्थित चालणाऱ्या पेट्रोल कारच्या पुस्तिकेत इंजिन ऑइलचा ५डब्ल्यू-३० ग्रेड दिला आहे. गावातील मेकॅनिक मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्याला २०डब्ल्यू-४० हे घट्ट मिनरल, म्हणजे साधे, ऑइलच योग्य, असे आग्रहाने सांगतात. पहिला आकडा थंड इंजिनातील प्रवाहीपणा आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला राहणारा घट्टपणा दर्शवतो, तसेच सिंथेटिक ऑइल उष्णतेत उशिरा खराब होते. त्यामुळे पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात तेच अधिक टिकेल, असे मला वाटते.

अडचण वेगळीच आहे. गाडी बहुधा घर ते शेत एवढीच, कच्च्या रस्त्याने, धुळीतून धावते आणि इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. अशा वापरात सिंथेटिक ऑइलही लवकरच बदलावे लागणार असेल, तर त्याची जास्तीची किंमत वसूल होते का, की साधे ऑइल फिल्टरसह दर ५,००० किलोमीटरला बदलणे पुरेसे ठरेल? जुन्या सीलमधून सिंथेटिक ऑइल झिरपते, या म्हणण्यात कितपत तथ्य आहे? विदर्भातील अशाच रस्त्यांवर ज्यांनी जुन्या इंजिनात ऑइलचा प्रकार बदलला आहे, त्यांनी वापरलेल्या ग्रेडसह कृपया सविस्तर लिहावे.