प्रतिसाद: भाकरी खा, पण मोजून

मधुमेहात पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की रक्तातली साखर आपोआप आटोक्यात येते, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. भाकरीत तंतू असतात, पण पिष्टमय भागही भरपूर असतो. आमच्या आईने दोन मोठ्या भाकऱ्या पिठल्याबरोबर खाल्ल्या, तेव्हा दोन तासांनी ग्लुकोमीटरवर (घरी रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावर) २३८ दिसले. काळजात धस्स झालं. मग आधी काकडी, मेथीची भाजी नि वाटीभर मटकीची उसळ, शेवटी एकच भाकरी असा क्रम ठेवला, तर आकडा १६० च्या आसपास आला. मधुमेहाच्या गोळ्या त्याच होत्या.

नुसती उपाशीपोटीची साखर बघू नका. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनीही तपासा आणि ताटात काय होतं ते वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते.