बर्गनच्या कला-महाविद्यालयात प्रिंटमेकिंगचे पुढील शिक्षण : मार्गदर्शन हवे आहे

सुरसागर, बडोदे

सर्वांना नमस्कार. माझ्या पुतणीने येथील महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या फाईन आर्ट्समधून चित्रकलेची पदवी घेतली असून तिचा खरा ओढा प्रिंटमेकिंगकडे (छापचित्रकलेकडे), त्यातही वूडकटकडे, म्हणजे लाकडी ठोकळा कोरून चित्र छापण्याकडे आहे. नॉर्वेतील बर्गन शहरातल्या कला व डिझाईनच्या महाविद्यालयात मास्टर्स करावे, असे तिच्या मनात आहे. तेथील शिक्षण परदेशी विद्यार्थ्यांनाही विनाशुल्क मिळते, असे घरातील वडीलधारे ठामपणे सांगतात, तर काही ठिकाणी हे महाविद्यालय आता अस्तित्वातच नाही, असे वाचनात आले. नेमकी स्थिती काय आहे, आणि बडोद्यात शिकलेल्या मुलीला तेथे जाऊन वेगळे काय मिळेल, हे कोणी जाणकारांनी सांगावे.

मांडवीकर

महाविद्यालय बंद झालेले नाही. त्याचे स्वरूप बदलले आहे. बर्गनमधील कला अकादमी आणि हस्तकला व डिझाईनची शासकीय संस्था यांच्या विलीनीकरणातून १९९६ मध्ये ते स्वतंत्र महाविद्यालय झाले आणि १ जानेवारी २०१७ पासून ते बर्गन विद्यापीठात समाविष्ट झाले. आज ते ललित कला, संगीत आणि डिझाईन या विद्याशाखेचा भाग आहे. त्यामुळे शोध घेताना जुन्या नावाची पाने बाजूला ठेवून थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचीच माहिती प्रमाण मानावी.

त्याच वर्षी मेलेंडाल भागातील नवी इमारत सुरू झाली. ऑस्लोचे ऑपेरा हाऊस ज्यांनी उभारले, त्या स्नोहेट्टा या वास्तुसंस्थेने तिचा आराखडा केला आहे. बर्गनमध्ये पाऊस जवळजवळ वर्षभर असतो आणि हवा खारी असते, म्हणून बाहेरच्या भिंतींना समुद्री हवेत टिकणारे अ‍ॅल्युमिनियम वापरले आहे. पूर्वी शहरात ठिकठिकाणी विखुरलेले विभाग या इमारतीमुळे एका छताखाली आले, आणि माझ्या मते विद्यार्थ्याच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा लाभ आहे, कारण चित्रकाराला गरज पडल्यास लाकूडकामाच्या किंवा धातूच्या कार्यशाळेत जाऊन काम करता येते.

दांडियाबाजार

शुल्काबाबतचा समज जुना झाला आहे, तो आधी दूर व्हावा. २०२३ च्या शरद सत्रापासून नॉर्वेने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील (म्हणजे ढोबळमानाने युरोपीय संघ आणि त्याच्याशी करारबद्ध शेजारी देश सोडून इतर देशांच्या) नव्या विद्यार्थ्यांना शासकीय संस्थांतही शिक्षणशुल्क लागू केले. भारतीय विद्यार्थी त्यात येतात. शिवाय निवासी परवान्यासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते आणि नॉर्वेतील राहणीमान महाग आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे शुल्क पाहून दोन वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा.

एक मार्ग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. कलात्मक संशोधनातील, म्हणजे स्वतःच्या कलाकृतींच्या निर्मितीतून केलेल्या संशोधनाची पीएचडी तेथे २०१८ पासून रीतसर सुरू झाली असून तिचे संशोधक सामान्यतः पगारी कर्मचारी म्हणून नेमले जातात. मास्टर्स भारतात करून पुढे त्या पदासाठी प्रयत्न करणे, हाही विचार व्हावा. जागा फार थोड्या आणि स्पर्धा जगभरातून, हे गृहीत धरूनच.

कमाटीबाग

मी स्वतः येथील फाईन आर्ट्समध्ये शिकलो आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. केवळ तंत्र शिकण्यासाठी तिला नॉर्वेला पाठवू नये. १९५० मध्ये सुरू झालेल्या आपल्या संस्थेत ज्योती भट्ट यांच्यासारख्या कलावंतांनी प्रिंटमेकिंगची जी परंपरा उभी केली, ती भक्कम आहे. येथेच शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी तर हस्तकला आणि ललित कला यांच्यातील भिंतच मानली नाही. संस्थेच्या फाईन आर्ट्स फेअर या जत्रेसाठी त्यांनी केलेली खेळणी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेव्हा ‘कला आणि हस्तकला एकत्र’ हा विचार बडोदेकराला नवा नाही.

वेगळेपण आहे ते शिकण्याच्या रीतीत. तेथे मास्टर्सच्या स्तरावर रोजच्या तासांचे वेळापत्रक फारसे नसते; विद्यार्थ्याने स्वतःचा विषय घेऊन काम करायचे, मार्गदर्शकाशी आणि सहाध्यायांशी त्यावर चर्चा करायची, आणि शेवटी प्रदर्शनातून व लेखनातून ते काम मांडायचे. ज्याच्यापाशी स्वतःचा प्रश्न आहे, त्याला ही मोकळीक फार मानवते. ज्याला कोणीतरी बोट धरून पुढे न्यावे असे वाटते, त्याची त्या लांब, अंधाऱ्या हिवाळ्यात कुचंबणा होते. हे मी पुतणीला घाबरवण्यासाठी लिहीत नाही, तिने स्वतःला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा म्हणून लिहितो.

वूडकटची आवड असेल तर मात्र बर्गनइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. तेथील ‘कोडे’ (Kode) या कलासंग्रहालयात एडवर्ड मुंक आणि निकोलाय आस्त्रुप या नॉर्वेच्या दोन्ही चित्रकारांच्या कामाचा मोठा संग्रह आहे. मुंक लाकडाचा ठोकळा करवतीने कापून तुकड्यांना वेगवेगळे रंग लावत आणि ते पुन्हा जुळवून एकाच दाबात छापत. आस्त्रुप अनेक ठोकळे वापरून छापत आणि छापल्यावर ब्रशने रंग भरत, त्यामुळे एकाच ठोकळ्याचे दोन छाप सहसा सारखे निघत नसत. कोरणारा हात असलेल्या मुलीने ही चित्रे जवळून, कागदाच्या पोतासह पाहणे, याचे मोल मला शुल्काच्या आकड्यात मोजता येत नाही.

सुरसागर, बडोदे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शुल्काची गोष्ट घरी स्पष्ट केली आहे. ऑस्लोचाही विचार करावा का?

मांडवीकर

अवश्य करावा. ऑस्लोची राष्ट्रीय कला अकादमीही १९९६ मध्येच, पण वेगळ्या संस्थांच्या विलीनीकरणातून घडली असून ती आकेर्सेल्वा नदीकाठच्या जुन्या शिडाच्या कापडाच्या कारखान्यात आहे. तिच्या मुळाशी असलेली चित्रशाळा १८१८ ची आहे, आणि कला व हस्तकला विभागात माध्यमनिष्ठ कामाला, म्हणजे लाकूड, धातू, कापड अशा एखाद्या माध्यमात खोलवर केलेल्या कामाला मोठे स्थान आहे. दोन्हीकडे अर्ज करताना चित्रांच्या निवडीइतकेच लक्ष सोबतच्या निवेदनाकडे द्यावे. तिला पुढील दोन वर्षे नेमके कशावर आणि का काम करायचे आहे, हे तिच्याच शब्दांत त्यात उतरले पाहिजे. तेथील वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असले तरी अर्जाची तयारी आदल्या दिवाळीपूर्वीच व्हावी.