मदत हवी आहे: केळी निर्यातीसाठी एडी कोडची नोंदणी

नमस्कार. रावेर परिसरातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड मिळाला असून (हा कोड म्हणजे कंपनीचा पॅन क्रमांकच असतो), न्हावा शेवा बंदरातून आखाती देशांत केळी पाठवण्यासाठी सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट पोर्टलवर बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहारांसाठी अधिकृत बँक शाखेचा क्रमांक) नोंदवायचा आहे. बँकेचे पत्र जोडूनही अर्ज परत आला आणि त्रुटी नेमकी कोणती, हे कळत नाही. एडी कोड नोंदवल्याशिवाय शिपिंग बिल (निर्यात मालाचे सीमाशुल्क विभागाकडे द्यायचे विवरणपत्र) दाखल करता येत नाही, आणि कापणीवर आलेला माल तर थांबत नाही, याची आम्हा सर्वांना फार काळजी आहे. बँकेच्या पत्रात कोणता मजकूर अनिवार्य असतो, आणि पुढे मुंद्रा बंदरातून माल पाठवायचा झाल्यास तेथे वेगळी नोंदणी करावी लागते का, हे जळगाव-धुळे भागातील अनुभवी निर्यातदारांनी कृपया सांगावे.