फी थकली म्हणून दाखला अडवता येत नाही

फी थकल्यामुळे सहावीतल्या एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला शाळा देत नाही, आणि तिच्या पालकांना 'उसने काढून फी भरून टाका' असा सल्ला दिला जातोय. तो मला अजिबात पटत नाही. थकबाकी वसूल करायला शाळेला दिवाणी दाव्याचा मार्ग आहे. त्यासाठी लेकराला ओलीस का धरायचं?

शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 5 वाचा. पहिली ते आठवीचं मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश घेणार असेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, तेव्हा आधी मुलीला वर्गात बसवा. (नवी शाळा विनाअनुदानित असेल तर मात्र हे कलम थेट कामी येत नाही.)

तोंडी भांडू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. कारकून घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा. त्याच कागदांवर कलम 32 खाली झेडपी किंवा महापालिकेकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांना बंधनकारक आहे. निकाल पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.